खात्यापित्या घरचा

येरवडा म्हटले की लोकांना तुरुंग आठवतो, नाहीतर मनोरुग्णालय. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना त्या तुरुंगातला गांधीजींचा १९३२ चा उपवासही आठवेल. तो ठरवून केलेला उपवास. आमच्या आजीला मात्र न ठरवता उपवास घडले. १९७२ च्या दुष्काळात दहा-बारा वर्षांची ती आईबरोबर खडी फोडायला जाई, आणि कामावर मिळालेली सुकडी फडक्यात बांधून धाकट्यांसाठी घरी आणी. माझा भाऊ जन्मला तो जेमतेम दोन किलोचा. "याला म्या उपाशी ठिवू द्यायची न्हाई," असे आजीने तेव्हाच सांगून टाकले.

आज तो नऊ वर्षांचा आहे. वजन बेचाळीस किलो. जिना चढताना धापा टाकतो. वर्गातली मुले त्याला 'भोपळा' म्हणतात. खोटे कशाला बोलू, रागाच्या भरात मीही म्हटले आहे. पाहुणे मात्र गाल ओढून म्हणतात, "खात्यापित्या घरचा दिसतो हो!" चार घरची धुणीभांडी करणाऱ्या माझ्या आईचा चेहरा तेव्हा असा काही खुलतो, की वजनाचा विषय काढण्याचे मला धाडसच होत नसे.

आई सकाळी सातलाच कल्याणीनगरला कामाला निघते. जाताना ती त्याच्या हातावर दहा रुपये ठेवी. शाळेतून आला की वेफर्सचा पुडा, क्रीमची बिस्किटे आणि मोबाईल. खेळायला जावे तर गल्लीभर दुचाक्या उभ्या. शाळांच्या उपाहारगृहांतून असले पदार्थ काढण्याचा आदेश सरकारने २०१७ सालीच दिला, पण आमच्या दारातल्या टपरीला कोण सांगणार? शिवाय ते दहा रुपये म्हणजे आईचे दुपारी घरी नसणे होते.

वाचनालयात एकदा डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाविषयी वाचले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातर्फे १९९३ पासून जवळच्या खेड्यांत हा अभ्यास सुरू झाला. आपली बाळे वजनाने कमी, दिसायला किडकिडीत, तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक, असे त्यात आढळले. अशी मुले पुढे झपाट्याने वजन घेऊ लागली की मधुमेहाचा धोका वाढतो. रात्री आईला हे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग काय उपाशी मारू त्याला?"

मला उत्तर देता आले नाही. ते दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिले. उपाशी ठेवायचे नाही, त्याचे वेगळे पथ्य करायचे नाही. जे त्याने खायचे तेच घरात सगळ्यांनी खायचे. वजन आहे तिथे थोपवा, उंची वाढू द्या.

आता आई पहाटे उठून भाकरी आणि मटकीची उसळ शेजारच्या काकूंकडे ठेवून जाते. दहा रुपये बंद झाले, तेव्हा पठ्ठ्या तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवताना मोबाईल कपाटात जातो. माझाही, आणि तेच मला जास्त जड गेले. 'भोपळा' हा शब्द घरात बंद आहे. संध्याकाळी आम्ही दोघे पर्णकुटीपर्यंत चालत जातो. परतताना तो पुढे पळतो.

परवा आजीने त्याच्या गालांवरून हात फिरवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "वाळलं गं माझं पोर!" काटा अजून बेचाळीसवरच आहे.