शनिवारची पिशवी

डिसेंबरात लेस्टरचा दिवस फार छोटा. सूर्य आठनंतर उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. जोहर, असर, मगरिब एकामागोमाग येतात. आठवडाभर नोकरीत अडकलेल्या आम्हा नवराबायकोची सगळी कामे शनिवारवर पडतात. त्या शनिवारचेही तसेच झाले.

संध्याकाळी सहा कुटुंबे सांदण खायला येणार होती. फजरनंतर घर आवरले आणि साडेनऊला मशिदीच्या हॉलमध्ये पोहोचलो. तिथे दर शनिवारी शिधा वाटतात. धर्म कोणी विचारत नाही, घरात माणसे किती एवढेच विचारायचे. तांदूळ, पास्ता, डबाबंद चणे, तेल, दूध, चहा अशी पिशवी भरून द्यायची. रांगेत म्हातारे इंग्रज असतात, बाबागाडी घेतलेल्या आया असतात, आणि अलीकडे आपल्याकडून शिकायला आलेली मुलेही असतात. फी जबर, कॉलेज चालू असताना कामाची परवानगी आठवड्याला 20 तासांची, सरकारी मदतीचा हक्क नाही. भाडे भरले की हातात काही उरत नाही.

त्या दिवशी रांगेत महाडचा एक मुलगा दिसला. ईदला आमच्याकडे जेवून गेला होता. आम्ही आनंदाने मोठ्याने हाक मारली, "अरे, तू इथे?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मदतीला आलोय, चाचा."

दोन तास त्याने खोकी उचलली. सलाम करून गेला तेव्हा आम्ही त्याचे कौतुकही केले. खुर्च्या आवरताना खिडकीपाशी एक रिकामी कापडी पिशवी सापडली. सकाळी तीच त्याच्या हातात होती. मदतीला येणारा माणूस रिकामी पिशवी कशाला आणेल?

उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, हे आपण मुलांना शिकवतो. आम्ही तर अख्ख्या हॉलला ऐकवले होते.

तिथून एका ओळखीच्यांकडे अकीक्याची दावत होती. बिर्याणी उत्तम होती, गप्पा घरांच्या किमतीच्या आणि कर्जाच्या हप्त्यांच्या होत्या. आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

असरनंतर शेजारच्या गुजराती खालांना बघायला गेलो. त्यांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आहे. आमचे चेहरे पाहून त्यांनी विचारले. मुलाचे नाव न घेता आम्ही सगळे सांगितले.

1972 साली इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत युगांडा सोडायला लावले, तेव्हा खाला इथे आल्या. त्या म्हणाल्या, "छावणीत जुने कोट वाटत होते. थंडीने कुडकुडत होते, पण हात पसरवेना. एक इंग्रज बाई म्हणाली, कोट लावायला जरा हात लाव. काम झाल्यावर म्हणाली, आम्ही सगळ्यांनी एकेक घेतलाय, तुझा कोणता? आणि स्वतः एक अंगात घालून गेली."

मगरिब त्यांच्याकडेच पढून आम्ही घरी धावलो.

संध्याकाळी सगळे आले. सांदण, नारळाचे दूध, मुलांचा दंगा. त्या मुलालाही बोलावले होते. तो आला नाही. त्याच्याबद्दल आम्ही अवाक्षर काढले नाही. एवढेच म्हणालो, पुढच्या शनिवारपासून काम करणाऱ्या प्रत्येकाने जाताना एक पिशवी घरी न्यायची.

एक भाई म्हणाले, "गरिबांचा हक्क आपण का घ्यायचा?"

प्रश्न बरोबर होता. मग ठरले की या पिशव्यांना जकातीचा पैसा लागणार नाही, खर्च आपण वेगळा काढायचा. शिवाय ज्याला गरज नाही त्याने पुढच्या वेळी तेवढेच सामान दाराजवळच्या खोक्यात गुपचूप टाकायचे. कोण टाकतो, कोण नाही, हे कोणी पाहायचे नाही. मशिदीच्या लोकांनाही ते पटले.

त्या मुलाला आम्ही फोन केला, "हात कमी पडतात, येशील का?" पहिल्या शनिवारी तो आला नाही, दुसऱ्यालाही नाही.

तिसऱ्या शनिवारी आला. खोकी उचलली, आणि जाताना सगळ्यांबरोबर पिशवी घेतली. आम्हीही घेतली. पायऱ्यांवर त्याने आमच्या पिशवीत डोकावून पाहिले.

"चाची, आमच्या खोलीत पास्ता कोणी खात नाही. तांदळाशी बदलता का?"

तिथेच पायरीवर बसून आम्ही सामान बदलून घेतले.