बालीतलं पाणी कुणाचं?

बालीला जाऊन आलेला सवर्ण मित्र दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, तिथली भातशेती किती हिरवीगार आहे. दुसरी, मुस्लिमबहुल देशात राहून त्या लोकांनी 'आपली संस्कृती' कशी टिकवली आहे. आम्ही तिघे पाठीवर पिशव्या टाकून आठ दिवस तबानान जिल्ह्यातल्या गावांतून पायी हिंडलो, ते ही दुसरी गोष्ट तपासायला. हिरवळीबद्दल आमचा वाद नाही.

बातुकारू डोंगराच्या उतारावर जतिलुविह नावाचं गाव आहे. डोंगर कापून पायऱ्यापायऱ्यांची खाचरं केलेली, त्यांत लाल तांदूळ पिकतो. तिकीट काढून आत जावं लागतं. रस्त्याकडेच्या हॉटेलांत नारळपाणी पीत पाहुणे खाली चिखलात वाकलेल्या माणसांचे फोटो काढतात. आमच्या आज्या लावणीला वाकल्या, त्यांचा असा फोटो कुणी काढला नाही, हा भाग वेगळा. युनेस्कोने 2012 मध्ये या परिसराला जागतिक वारसा ठरवलं, ते नुसत्या देखाव्यासाठी नाही, 'सुबाक' नावाच्या पाणीवाटपाच्या व्यवस्थेसाठी. आपल्या कामाची गोष्ट ती आहे.

एका पाटावर भिजणाऱ्या खाचरांच्या शेतकऱ्यांची संघटना म्हणजे सुबाक. तिचा प्रमुख सभासद निवडतात. पाटात लाकडी ओंडका आडवा टाकतात आणि त्याला खाचा पाडतात. ज्याची जमीन जितकी, तितकी खाच रुंद. कुणी रात्री खाच मोठी केली तर सकाळी सगळ्या गावाला दिसते. पण उतारावर वरच्याला पाणी आधी मिळतं, मग तो खालच्याला का सोडतो? धर्मामुळे, असं तिथली माहितीपत्रकं सांगतात. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी याचं वेगळं उत्तर दिलं. सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली आणि एकाच वेळी शेत मोकळं ठेवलं, तर कीड आणि उंदीर उपाशी मरतात. वरच्याने खालच्याचं पाणी तोडलं, की खालचा उशिरा पेरणार आणि त्याच्या शेतातली कीड वर चढणार. 1970 च्या दशकात हरितक्रांतीच्या नावाखाली सरकारने ज्याने त्याने शक्य तितकी पिकं घ्यावीत असा धोशा लावला. हे वेळापत्रक मोडलं, कीड उसळली आणि पाण्याचा गोंधळ झाला. म्हणजे वरचा खालच्याला पाणी देतो ते दयेपोटी नाही. त्याला खालच्याची गरज आहे म्हणून. दयेवर आपला विश्वास कधीच नव्हता.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पर्यटकांना कुणी सांगत नाही. सुबाक ही गावाची संस्था नाही. तिची हद्द पाण्याची हद्द असते, वस्तीची नाही. एकच माणूस एका गावात राहतो आणि शेतं दोन पाटांवर असली तर दोन सुबाकांचा सभासद असतो. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचं गुणगान करणाऱ्यांना फटकारलं होतं. खेडं हा घटक मानायला त्यांनी नकार दिला, माणूस हा घटक मानला. सुबाक टिकली ती गावकीपासून वेगळी राहिली म्हणून, असं आमचं मत आहे. तिच्या सभेत वर्ण विचारत नाहीत. सगळे एकमेकांशी आदराच्या भाषेत बोलतात.

हे मुद्दाम सांगायचं कारण, बाली भाषेत कुणाशी कुठल्या पातळीवरून बोलायचं हे वर्णावर ठरत आलं आहे. नावावरूनही वर्ण कळतो. इदा बागुस म्हणजे ब्राह्मण, गुस्ती वेगळा, आणि नुसता वायान किंवा मादे बहुधा 'जाबा', म्हणजे बाहेरचा. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक जाबा आहेत! आपल्यासारखी अस्पृश्यता तिथे नाही, हे मान्य. पण 'आपली संस्कृती' टिकली ती ही अशी. आम्ही बौद्ध आहोत म्हटल्यावर एकाने कौतुकाने पूर्वेकडच्या बुदाकेलिंगचे बौद्ध पुरोहित सांगितले. तेही जन्माने ब्राह्मणच असावे लागतात. बुद्धाच्या नावावर जन्माचं आरक्षण!

याविरुद्ध तिथे कुणी बोललंच नाही असंही नाही. 1925 मध्ये सिंगाराजात शिकलेल्या जाबा तरुणांनी 'सूर्य कांत' नावाचं नियतकालिक काढलं. मान शिक्षणाने आणि वागण्याने मिळावा, जन्माने नाही, ही त्यांची मागणी. उच्चवर्णीयांनी 'बाली अद्न्याना'तून त्यांना उत्तरं दिली. इकडे महाडची तयारी चालू होती त्याच काळात. डच सरकारने वरच्या तिन्ही वर्णांना वेठबिगारीतून सूट दिली होती. महारकी भोगलेल्यांच्या नातवंडांना हे समजावून सांगायला नको. खालच्या वर्णाच्या पुरुषाने वरच्या वर्णाच्या बाईशी लग्न केलं तर पूर्वी देहदंड होता, डचांच्या काळात हद्दपारी. बालीच्या विधिमंडळाने 1951 मध्ये तो नियम रद्द केला. आपल्याकडे असा कायदा नव्हता, तरी 2013 मध्ये सोनई घडलं.

आता सुबाकचीही अडचण सांगायला हवी. तिथे वर्ण विचारत नाहीत, पण खाच जमिनीच्या नावावर असते. ज्याला जमीन नाही त्याला खाच नाही. आम्ही ज्याच्या घरी राहिलो तो शहरातल्या मालकाचं खाचर निम्म्या वाट्याने करत होता. त्याला आम्ही पुरंदर तालुक्यातल्या नायगावची गोष्ट सांगितली. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटलं. भूमिहीनालाही वाटा दिला आणि उसाला बंदी घातली. त्याने लगेच विचारलं, जमीन नसलेला माणूस ते पाणी ओतणार कुठे? आम्ही म्हटलं, ज्याच्याकडे जमीन आहे पण पाणी कमी पडतं, तो त्याच्या दारात येईल. मग वाटा निम्मा ठरवायचा की जास्त, हे दोघं बसून बोलतील. तो बराच वेळ हसला. मग बायकोला बोलावून तिला ते बालीत परत सांगितलं.