कुणी न पाहिलेला विक्रम

माझ्या कादंबरीतला खो-खो खेळणारा मित्र पहिल्या खर्ड्यात नुसता पडून होता. त्याला मी ढाली दिल्या, चपळ पाय दिले, वर्गाला हसवणारी जीभ दिली. तरी तो पानावरून उठेना. मग मी जॉन नोल्सची ‘अ सेपरेट पीस’ पुन्हा वाचायला घेतली. १९५९ सालची ही कादंबरी. न्यू हॅम्पशायरमधली डेव्हन ही निवासी शाळा, १९४२चा उन्हाळा, डोक्यावर महायुद्ध. सांगणारा जीन, आणि ज्याच्यावरून त्याची नजर हटत नाही तो फिनी.

जीन आपली उंची पाच फूट नऊ इंच सांगायचा. फिनी खोलीत राहायला आला आणि चारचौघांत म्हणाला, छे, तू माझ्याएवढाच आहेस, साडेआठ. आपण जरा बुटकेच. ना खोचकपणा, ना लाज. एवढ्याशा जागेत दोन्ही मुलं उभी राहतात. अर्ध्या इंचासाठी खोटं बोलावंसं वाटणारा एक, आणि ज्याला ते सुचतच नाही असा दुसरा.

पण मला थांबवलं ते पोहण्याच्या तलावाने. तिथल्या फलकावर शंभर यार्डांच्या विक्रमापुढे जुन्या विद्यार्थ्याचं नाव आहे. फिनीला वाटतं, आपण याहून वेगात जाऊ. सराव नाही, पंच नाहीत. जीनच्या हातात घड्याळ, बाकी तलाव रिकामा. फिनी ०.७ सेकंदाने विक्रम मोडतो. पंचांसमोर पुन्हा पोहायला तो तयार नाही, आणि हे कुणाला सांगायचं नाही, असं जीनला बजावतो. ते ओझं आता जीनने वाहायचं. मी दिलेल्या सगळ्या ढाली या प्रसंगापुढे पत्र्याच्या वाटल्या. माझा मित्र जिंकत होता, पण त्याच्या जिंकण्याने शेजारच्या मुलाच्या पोटात काही हलत नव्हतं.

नोल्सला हे पक्कं ठाऊक आहे. शिक्षकांकडच्या चहापानाला फिनी शाळेचा टाय कंबरेला पट्ट्यासारखा बांधून जातो, पकडला जातो, आणि बोलून सुटतो. त्या क्षणी जीनला बारीकशी निराशा टोचते: याला शिक्षा का झाली नाही? मोहिनी फिनीची, पण मोजली जाते ती या टोचण्यावर. पुढे झाडावर जीन फांदी हलवतो आणि फिनी खाली पडतो, त्याचं बी इथेच आहे.

पाय मोडल्यावर तर फिनी मला अधिकच जवळचा वाटतो. युद्धबिद्ध काही नाही, ही म्हाताऱ्यांची बनवाबनवी आहे, असं तो ठासून सांगतो आणि जीनला १९४४च्या ऑलिंपिकसाठी पळवतो. पण सैन्यात घ्या म्हणून तो गुपचूप देशोदेशी पत्रं पाठवत होता, हे शेवटी कळतं. नकारांमागून नकार येत असताना तो हसवत होता. खेळाडू मित्राला तेजस्वी करणं सोपं आहे. त्याला न जमलेली गोष्ट इतका वेळ झाकून ठेवायला मात्र लेखकाचाच दम लागतो.

मी ढाली खोडल्या. आता सामना संपलाय, मैदान रिकामं झालंय. माझा मित्र दिवेलागणीला एकटाच खांबावर सूर मारतोय, पुन्हा पुन्हा. निवेदक दोघांच्या चपला हातात धरून कडेला उभा आहे. घरी जाऊन हे कुणाला सांगायचं की नाही, ते त्याचं अजून ठरलेलं नाही.