ठासणीचा बार

आमच्या कोकणात ठासणीची बंदूक शेताच्या राखणीसाठी, परवान्यावर तसंच लिहिलेलं. आधी दारू, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे. वडील गजानं ठासायचे. दारूचं माप ठरलेलं, अंदाजपंचे त्यांना चालत नसे. "नळी बघून बार भरावा," म्हणायचे. लांब नळीत दारू आतच जळते, छर्र्यांना रेटा मिळतो. आखूड नळीत तीच दारू तोंडाशी भडकून फुकट जाते, वर कानठळ्या.

२०१९ ची विधानसभा २१ ऑक्टोबरला आली. आचारसंहिता लागली, बंदूक पोलीस ठाण्यात जमा. भात नेमकं तेव्हाच पिकतं. डुकरांना कसली आचारसंहिता? रात्रभर पत्र्याचा डबा बडवला, तरी खालचा कुणगा त्यांनी आडवा केलाच.