कळी वीक, अर्काच्या मागे लागू नकोस

ओतूर, ता. जुन्नर

चि. ताईस,

झेंडू-शेवंतीच्या भावाला तू कंटाळलीस, म्हणून आपल्या दहा गुंठ्यांत जाई लावून अत्तराच्या कारखान्याला द्यायची म्हणतेस. आधी हिशेब बघ.

किलोभर जाईत आठ-दहा हजार फुलं बसतात. अशा 1000 किलोंतला सुगंध हेक्झेनने ओढला की अडीच-तीन किलो मेणचट गोळा हाती येतो. अल्कोहोलने त्यातलं मेण काढलं की अर्क उरतो जेमतेम निम्मा. अर्क सोन्याच्या मोलाचा, पण शेतकऱ्याला भाव मिळतो फुलाच्या किलोवर. त्यातून जाई रात्री उमलते. पहाटे तोडून ऊन तापायच्या आत कारखान्यात पोचली नाही तर वास गेलाच. म्हणून तर हे कारखाने तमिळनाडूत कोइमतूरकडे, मळ्यांना लागून उभे राहिले. आपल्या चार पाट्यांसाठी इथे कोण यंत्र लावणार? उदबत्तीत आणि केसांच्या तेलात दरवळते ती जाई बहुतेक बेंझिल अ‍ॅसिटेटची, प्रयोगशाळेतली. खरा अर्क घेणारे थोडे.

मोगऱ्याचं मात्र जमेल. अत्तरवाल्याला उमललेलं फूल लागतं, कारण सुगंध उमलतानाच तयार होतो. गजरेवालीला हवी बंद कळी: सकाळी तोडलेली, संध्याकाळी केसांत उमलणारी. हे गिऱ्हाईक आपल्या हाताशी आहे. माळशेज उतरलं की कल्याण, पुढे दादर. इकडे पुण्याचं मार्केट यार्ड. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याच्या कळ्या दादरला पाठवूनच संसाराला हातभार लावला.

तू कुसरीचंही विचारलंस. नाणेघाटाकडे, आंबेगावात भीमाशंकराच्या रानात ती उन्हाळ्यात पांढरीशुभ्र फुलते, जाईच्याच कुळातली. पण भीमाशंकर 1985 पासून अभयारण्य आहे. तिथलं फूल तोडायचं नाही, वास घेऊन परत यायचं.

तेव्हा मोगरा लाव आणि कळ्या वीक. रोपं आणण्याआधी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन माती-पाण्याचं विचारून घे. आणि त्याही आधी, भल्या पहाटे कळ्या खुडायला गावात किती बायका येतील, काय मजुरी घेतील, ते पक्कं कर. मोगऱ्याचा नफा-तोटा तोडणीवरच ठरतो.

तुझी,
आत्या