साठीनंतरचें सारथ्य

माणसानें कोणत्या वयांत काय शिकावें, याविषयीं आपल्या समाजाच्या समजुती फार जुन्या व फार ठाम आहेत. आठव्या वर्षीं मुंज, सोळाव्या वर्षीं मॅट्रिक, पंचविशीच्या आंत नोकरी, आणि साठी उलटल्यावर जें शिकावयाचें तें जपमाळेच्या मण्यांपलीकडे जाऊं नये, असा साधारण क्रम आहे. या वेळापत्रकांत मोटार हांकण्याचा तास कोठेंच ठेवलेला नाहीं. म्हणूनच वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं मी मोटार शिकावयास निघालों, तेव्हां "गुरुजींना हें काय नवें सुचलें!" म्हणून ओळखीच्या मंडळींनीं तोंडांत बोटें घातलीं, यांत त्यांचा कांहीं दोष नव्हता.

वास्तविक सुचण्यासारखें कांहीं नव्हतें. गरज पडली होती. आमचें घर जामखेड गांवाबाहेर, खर्ड्याच्या रस्त्यावर, बाजारपेठेपासून तीनएक किलोमीटरांवर आहे. जामखेडास रेल्वे नाहीं. एस्. टी. मात्र आहे, राज्यांतली पहिली एस्. टी. १ जून १९४८ रोजीं धांवली ती आमच्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाच्या, म्हणजे पुणें-अहमदनगर मार्गावर, याचा आम्हां जिल्हावासीयांना अभिमानहि आहे. परंतु एस्. टी. रात्रीं दोन वाजतां कोणाच्या दारीं येत नाहीं. माझ्या पत्नीला बारा वर्षें दम्याचा विकार आहे. पूर्वीं अशा वेळीं शेजारचा एक तरुण, मुलानें आमच्याकडे ठेवलेली मोटार काढीत असे. तो नोकरीनिमित्त पुण्यास गेला, आणि मोटार आच्छादन घालून अंगणांत उभी राहिली. त्यानंतरच्या पौषांत एका रात्रीं तिला धाप लागली. रुग्णवाहिका दुसऱ्या गांवीं गेलेली होती. चार ठिकाणीं फोन करून वाहन मिळेपर्यंत पन्नास मिनिटें गेलीं. तीं पन्नास मिनिटें ती पलंगाच्या कडेवर, दोन्ही हातांवर भार देऊन पुढें वाकून बसली होती. मी फवाऱ्याचें औषध हातांत धरून उभा होतों. आणि खिडकींतून ती मोटार चांदण्यांत स्वच्छ दिसत होती. किल्ली माझ्या मागें खुंटीवर होती.

असें असूनहि शिकण्याचा निश्चय करावयास मला दोन महिने लागले, इतकी भीति दांडगी होती. ती नेमकी कसली, याचा मीं पुष्कळ विचार केला. माझी सबंध नोकरी सायकलीवर झाली. पावसाळ्यांत चिखल तुडवीत, उन्हाळ्यांत वाऱ्याला तोंड देत मी शाळा गांठीत असें. पडलों तर गुडघा माझा फुटे. दुसऱ्याचें कांहीं बिघडत नसे. मोटारीची गोष्ट निराळी. हजारएक किलोचें लोखंड आपल्या पायाच्या चवड्याच्या हुकमतींत घ्यावयाचें, आणि तें न्यावयाचें शेळ्यामेंढ्या, हातगाड्या व माणसें यांनीं भरलेल्या रस्त्यांतून! ज्यानें छत्तीस वर्षें मुलांत काढलीं, त्याला एवढें तरी पक्कें ठाऊक असतें कीं, पोर कोणत्या क्षणीं कोणीकडे पळेल हें ब्रह्मदेवालाहि सांगतां यावयाचें नाहीं. मला स्वतःच्या मरणाची भीति नव्हती. एखादें लेंकरूं चाकापुढें येईल, या नुसत्या कल्पनेनें माझे हात गार पडत. बंद मोटारींत चालकाच्या जागीं बसलों तरी गीतेच्या पहिल्या अध्यायांत अर्जुनानें सांगितलेलीं लक्षणें एकामागून एक प्रकट होत: तोंडाला कोरड, अंगाला कंप, निसटावयाचें तें तेवढें गांडीवाऐवजीं स्टिअरिंग.

पण या बाबतींत मला अर्जुनाहून विराटपर्वांतला उत्तर अधिक जवळचा वाटतो. चांगला सारथी मिळाला तर कौरवांना एकटा जिंकीन, अशी बढाई अंतःपुरांत मारणारा हा राजपुत्र कुरुसेना दृष्टीस पडतांच रथांतून उडी टाकून पळत सुटला. बृहन्नडेच्या वेषांतला अर्जुन वेणी उडवीत त्याच्या मागें धांवला आणि शंभर पावलांत त्यानें त्याचे केस धरले. उत्तर सोनें देऊं लागला, हत्ती देऊं लागला, 'मला सोड' म्हणून रडूं लागला. अर्जुनानें त्याला घरीं पाठविलें नाहीं. थोडक्यांत धीर दिला आणि सांगितलें कीं, लढाईचें मी पाहतों, तूं लगाम धर. पुढें मध्येंच एकदां त्याचा धीर सुटला खरा, पण भीष्मद्रोणांच्या बाणांतून रथ हांकला तो त्यानेंच. वर्गांत या कथेला मुलें पोट धरून हंसत. परंतु शिक्षणशास्त्राच्या कोणत्याहि पुस्तकांत याहून मोलाचा धडा मला आढळलेला नाहीं.

माझ्या हातीं लगाम देणारा माझाच एक जुना विद्यार्थी निघाला. शाळेंत 'राम' शब्द चालवितांना तृतीयेपाशीं अडखळणारा हा मुलगा आतां मोटार शिकविण्याचा वर्ग चालवितो. त्याच्या गाडीला त्याच्या बाजूसहि एक ब्रेक व एक क्लच जोडलेला असतो. म्हणजे शिष्य कितीहि गडबडला तरी गुरूचा पाय शाबूत. "सर, आज रस्ता नाहीं, गिअर बदलणें नाहीं, फक्त डावा पाय," असें सांगून त्यानें पहिले तीन दिवस एका मोकळ्या पटांगणावर मला केवळ क्लच सोडावयास शिकविलें.

येथें थोडें यंत्रशास्त्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. इंजिन एका ठराविक गतीखालीं फिरूंच शकत नाहीं; ती कमी झाली कीं तें बंद पडतें. चाकें मात्र आरंभीं अगदीं स्थिर असतात. फिरणारें इंजिन आणि न फिरणारीं चाकें यांची एकदम गांठ घातली तर गाडी उसळी मारते अथवा गप्प होते. क्लच म्हणजे या दोहोंमधली घर्षणानें काम करणारी तबकडी. पाय हळूहळू उचलला म्हणजे ती प्रथम घसरत घसरत थोडी गति चाकांकडे पोंचविते, आणि मग घट्ट बसते. ती जेथें धरूं लागते त्या जागेला चालक लोक 'हाफ क्लच' म्हणतात. तेथें इंजिनाचा सूर किंचित् उतरतो, गाडीचें नाक जरा वर येतें, आणि तळपायाला बारीक थरथर जाणवते. ही थरथर ओळखतां आली कीं अर्धी मोटार आली, असें माझें मत आहे. पहिल्या दिवशीं माझी गाडी एकोणीस वेळां बंद पडली. मीं मोजलें होतें, परीक्षकाची संवय! एकोणिसाव्या वेळींहि तो "पुन्हां घ्या, सर," एवढेंच म्हणाला, आणि तेंहि पहिल्या वेळच्याच स्वरांत.

दुसरा धडा डोळ्यांचा. भ्यालेला माणूस बॉनेटच्या टोकाशीं पाहतो. त्यामुळें रस्ता अंगावर धांवून आल्यासारखा वाटतो आणि हात उगाच उजवीकडे-डावीकडे चाळा करीत राहतात. दृष्टि लांब टाकली कीं हात आपोआप स्थिरावतात. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताचा सारथी राजाला सांगतो कीं, जमीन उंचसखल होती म्हणून लगाम खेंचून वेग मंद केला होता. आतां सपाटी लागली आहे. हा अंक मीं किती वर्षें शिकविला असेल! पण त्या सूताच्या नजरेचें कौतुक मोटारींत बसल्यावर वाटलें तेवढें फळ्यापाशीं कधीं वाटलें नव्हतें.

राहिली पोरांची भीति. ती मीं त्याला सांगितली तेव्हां तो हंसला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पांच वाजतां, नेमक्या शाळा सुटण्याच्या वेळीं, त्यानें मला शाळेच्या रस्त्यावर नेलें. पहिला गिअर, माणसाच्या चालीची गति, उजवा पाय ब्रेकवर. दप्तरांचा तो लोंढा गाडीच्या दोन्ही अंगांनीं वाहूं लागला. एक चिमुरडी चेंडूमागें अगदीं समोर आली. मीं ब्रेक दाबला. गाडी वीतभर सरकून थांबली. मुलगी चेंडू उचलून निघून गेली. तिनें माझ्याकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. त्या रात्रीं मीं कागदावर हिशेब मांडला. ताशीं ४० किलोमीटर वेगानें गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर ब्रेक लागण्यापूर्वींच तेवढें अंतर संपतें. वेग २० ठेवला तर तें साडेपांच मीटरांवर येतें. ब्रेक लागल्यानंतरचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें तें तर निम्में न होतां चौथाई होतें. त्या दिवसापासून माझ्या भीतीला एक आंकडा मिळाला, आणि वस्तींतून जातांना ती मला वेगमापकाचा कांटा दाखवूं लागली.

या सुमारास वयाचा प्रश्न काढणाऱ्या मंडळींना मी दाखले देत असें. १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, तेव्हां गिऱ्हाइकाला सायकल विकून भागत नसे, ती चालवावयासहि शिकवावें लागे. आणि त्या काळीं सायकल घेण्याची ऐपत असणारे ते कांहीं शाळकरी पोर नसणार, मिळवते गृहस्थच असणार. 'युगान्त'कार इरावतीबाई कर्वे यांचा जन्म १९०५ चा. १९५० नंतरच्या दशकांत, पंचेचाळिशी ओलांडल्यावर, त्या पुण्याच्या रस्त्यांतून स्कूटर चालवीत. टॉल्स्टॉय यांनीं तर १८९५ सालीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, धाकटा मुलगा दगावल्यानंतर लवकरच मॉस्कोंत सायकल शिकण्यास आरंभ केला. शोकांत हें काय सुचलें, असें कोणास वाटेल. मला तें समजल्यासारखें वाटतें. जेथें लक्ष ढळलें कीं तोल जातो, तेथें मनाला दुसरीकडे भटकण्यास सवड नसते. आणि इतकें दूर तरी कशाला जावें? डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं आमच्या जामखेडांत सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पांत, अक्षरओळखहि नसलेल्या संसारी बायका खेड्यांतून येऊन बाळंतपणें करणें, बालकांचीं वजनें घेणें, रोगांचीं लक्षणें ओळखणें हें सारें शिकल्या आणि आपापल्या गांवाचें आरोग्य सांभाळूं लागल्या. त्यांना कोणी वय विचारलें असेल, असें वाटत नाहीं.

परवान्याची हकीकत थोडक्यांत सांगतों. चाळिशीपुढच्या उमेदवारास डॉक्टरचें प्रमाणपत्र लागतें, तें मिळविलें. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेंत शेंकडा ६० उत्तरें बरोबर यावीं लागतात, तीं आलीं. मग गाडीच्या पुढें-मागें पांढऱ्यावर तांबडा 'एल' लावून सराव. तीस दिवसांनंतर अहिल्यानगरास जाऊन प्रत्यक्ष परीक्षा. पंचावन्नच्या पुढें परवाना पांचच वर्षांचा मिळतो. तो घरीं आल्यावर मीं सौभाग्यवतीस दाखविला आणि "पांचच वर्षें हो!" म्हणून कुरकुरलों. "पुष्कळ झालीं," ती सहज म्हणाली, "मला तेवढीं मिळालीं तरी पुरे." मीं विषय बदलला.

मार्गशीर्षांत ती वेळ आली. रात्रीं पावणेदोनला तिनें मला हलवून उठविलें, बोलवत नव्हतें. तिला शेजारच्या आसनावर बसविलें, खिडकी अर्धी उघडली, हँडब्रेक सोडला. फाटकांतून गाडी उलटी काढतांना डावा पाय थरथरत होता. तो अजूनहि रात्रीच्या वेळीं थरथरतो. रस्ता मोकळा असेल असें वाटलें होतें, पण गळिताचा हंगाम. वळण घेतांच पुढें ऊंसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागें एकहि दिवा नाहीं. कांटा तिसावर होता म्हणून बेतानें थांबतां आलें. पुढें जावें काय? शेजारीं तिचा श्वास शिट्टी वाजल्यासारखा ऐकूं येत होता. समोरचा रस्ता लांबवर रिकामा दिसेपर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्यें त्याच्या मागून गेलों, मग कर्णा वाजवून पुढें काढली. घरापासून दवाखान्याच्या दारापर्यंत नऊ मिनिटें लागलीं. ऑक्सिजन लावला, सुई दिली. पहांटे चारच्या सुमारास तिचा श्वास ठिकाणावर आला. डोळे उघडून तिनें विचारलें, "अहो, गाडी नीट लावलीत ना? नाहींतर सकाळीं दूधवाल्याला वाट राहावयाची नाहीं."

हल्लीं आम्ही दोघें दिवसाउजेडीं लांबहि जातों. अहिल्यादेवींचें जन्मगांव चौंडी आमच्याच तालुक्यांत. तेथें जाऊन आलों. येत्या पंधरवड्यांत खर्ड्याचा किल्ला पाहण्याचा बेत आहे. १७९५ च्या लढाईचा तो परिसर मीं शेंकडों मुलांना नकाशावर दाखविला, तिला मात्र अजून प्रत्यक्ष दाखविलेला नाहीं. तिची तक्रार एकच आहे कीं, रस्त्यावर कोंबडी दिसली तरी मी कर्णा वाजवितों.