सदरमध्ये अडकलेले तीन दिवस

जुनी गाडी घेऊन लगेच लांबच्या सहलीला निघायचा विचार आहे? मग आधी आमची जबलपूरची सहल ऐका.

महिन्याभरापूर्वी मी नागपुरात २ लाख १० हजारांना जुनी कार घेतली. आईला भेडाघाट दाखवायचा होता. सिवनी, लखनादौन मागे पडलं आणि जबलपूर जवळ आलं असतानाच तापमानाचा काटा लालवर गेला. गाडी टो करून सदरला, मावशीच्या घरी पोहोचलो.

पहिल्या गॅरेजने सांगितलं, ‘‘पूरा इंजिन खुलेगा, ५५ हजार.’’ माझ्या खात्यात २२ हजार होते. आईसमोर रडू आवरलं.

मावशीचे यजमान जबलपूरच्या वाहन निर्माणीतून निवृत्त झालेत. सैन्याचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा तिथेच बनायच्या. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘जोंगा’ हे नाव आलं. काका म्हणाले, ‘‘घाई करू नकोस. दुसऱ्याला दाखवू आणि खर्च सुटा सुटा लिहून घेऊ.’’

दुसऱ्या मेकॅनिकने ऑइलचं झाकण उघडलं. आत दुधाळ थर होता, म्हणजे पाणी ऑइलमध्ये शिरलेलं. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी गंजकं पाणी होतं. हेड उतरवून पट्टीने तपासलं, तर किंचित वाकलेलं निघालं. हेडचं फेसिंग, नवं गास्केट, थर्मोस्टॅट, ऑइल, कूलंट आणि मजुरी मिळून १८,५०० रुपये. मुदत तीन दिवस.

त्या तीन दिवसांत आम्ही सदर पायी पाहिलं. हा छावणीचा भाग. बाहेर झाडांचे रुंद रस्ते, आत गजबजलेला बाजार. तुम्ही गेलात तर इंडियन कॉफी हाऊसमध्ये डोसा आणि कॉफी घ्याच. जबलपूरची खव्याची जिलेबीही चुकवू नका, रंगाने काळपट, चवीला अप्रतिम.

भेडाघाट साधारण २५ किलोमीटरवर आहे. आम्ही ऑटोने गेलो. धुवांधारचे तुषार अंगावर घेतले, मग संगमरवरी कड्यांमधून नाव निघाली. आईने नर्मदेत हात बुडवला आणि म्हणाली, ‘‘गाडी नव्हती म्हणून काही अडलं का?’’

तुम्ही जुनी गाडी घेणार असाल, तर इंजिन थंड असताना ऑइलचं झाकण आणि कूलंट स्वतः पाहा. पैसे देण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. साधा विमा अपघाताचं नुकसान भरून देतो, अशी झीज किंवा बिघाड नाही. म्हणून गाडीच्या किमतीतले थोडे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. मी ठेवले नव्हते.

चौथ्या दिवशी परत निघालो. नागपूरपर्यंत माझी नजर काट्यावर होती. तो मध्यावरून हलला नाही. आई मात्र शेजारी शांत झोपली होती.